झडप कॅमेऱ्याला दाखवली

सिवोदोल नगरपालिकेच्या हवा गुणवत्ता कक्षात एक टेबल, एक शिक्का आणि वेलिन कारापेत्रोव एवढाच कर्मचारीवर्ग होता. कक्षप्रमुख, सहायक आणि क्षेत्रीय पाहणी अधिकारी या तिन्ही पदांचा भार वेलिनच सांभाळत असे. रजा हवी असली की तो सहायक म्हणून अर्ज करी, प्रमुख म्हणून तो बारकाईने वाची आणि बहुतेक वेळा त्रुटी काढून परत पाठवी.

सिवोदोल वसलंय डोंगरांच्या मधल्या खळग्यात. डिसेंबर लागला की शेगड्यांचा आणि गाड्यांचा धूर गावावर जो बसतो तो मार्चपर्यंत उठायचं नाव घेत नाही. त्यावर उपाय म्हणून वेलिनने 'हिवाळी स्वच्छ वर्तुळ' नावाची अकरा पानी नियमावली तयार केली. एक डिसेंबरपासून काचेवर हिरवा बिल्ला असलेल्या गाडीलाच शहराच्या मध्यभागात शिरता येणार होतं. बिल्ला मिळणार वार्षिक तपासणीच्या शेडमध्ये. त्यासाठी दोन अटी होत्या: धूर मर्यादेत असला पाहिजे, आणि धुराची झडप कॅमेऱ्याला दाखवली पाहिजे, कारण शेडमधलं चित्रण थेट राजधानीत, सोफियाला जातं. नगरसभेने ही नियमावली एकमताने, म्हणजे न वाचता, मंजूर केली. वेलिनने तिची एक प्रत घरी नेऊन कपाटात ठेवली.

वेलिनची आई, नेदाबाई, राहायची नेमकी त्या वर्तुळाच्या मध्यावर, टपाल कचेरीच्या मागे, चौथ्या मजल्यावर. चाळीस वर्षं सूतगिरणीत काढल्यामुळे तिच्या छातीचा पार भुगा झाला होता. दर गुरुवारी वेलिन तिला गाडीत घालून चौदा किलोमीटर वर, डोंगरावरच्या छातीच्या दवाखान्यात नेई. तिथे ती दोन तास मास्क लावून पडून राही. त्या दोन तासांवर तिचा आठवडा चाले. मंगळवारपर्यंत ती आपली आपण जिने चढे, बुधवारी मात्र दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांनी ठेवलेल्या स्टुलावर बसून राही. डोंगरावर बस जात नाही. तेव्हा गुरुवार म्हणजे गाडी, आणि गाडी म्हणजे गुरुवार, असा सगळा मामला होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी गाडीने चढावर मान टाकली. मागे काळ्या धुराचा लोट आणि पुढे बैलगाडीचा वेग. एकोणीस वर्षांची टर्बो डिझेल, जर्मनीत म्हातारी झालेली आणि इथे येऊन पुन्हा नोकरीला लागलेली. वेलिनने ती कशीबशी गात्सो मिस्त्रीच्या गॅरेजात आणून लावली.

गात्सोने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि मुठीएवढा एक काळा गोळा काढून वेलिनच्या हातावर ठेवला.

"साहेब, हा तुमचा ईजीआर व्हॉल्व्ह, धुराची झडप. काय काम करतो माहितीये का?"

"धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान कमी राहतं आणि घातक वायू कमी तयार होतात. नियमावली, पान सहा."

"पान सहा राहू द्या. हा इंजिनाला आपलंच उष्टं खायला घालतो. तुम्ही खाल का? मग काजळी धरून हा असा चोंदतो, आणि गाडी मरगळते. नवीन तुमच्या तीन पगारांचा, आणि टाकलात तरी दोन वर्षांत हीच गत. मी काय म्हणतो, काढून टाकू, तिथे लोखंडी पट्टी मारू, कंप्युटरला सांगू की बाबा सगळं ठीक आहे. बुलेटसारखी पळेल."

"मी हवा गुणवत्ता कक्षाचा प्रमुख आहे, गात्सो."

"म्हणून तर नीट करून देतो. महापौरांच्या गाडीला नुसतीच पट्टी मारलीय, तुम्हाला पॉलिश करून मारतो."

गात्सोचं एवढ्यावर समाधान झालं नाही. त्याने तेलाचं झाकण काढून वेलिनला आत बघायला लावलं. आतून भसभस वाफ येत होती. टर्बोचा दाब पिस्टनच्या रिंगांतून गळून खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातो, म्हणजे इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतं आणि सील फुटतात, हे त्याने वेलिनला समजावून दिलं. कंपनीने ती वाफ पुन्हा इंजिनातच ओढून घ्यायची सोय केलेली होती. त्या सोयीची झडपही चोंदलेली. गात्सोने तीसुद्धा काढली, ब्रीदरला, म्हणजे वाफ निघायच्या तोंडाला, एक रबरी नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बॉनेटखाली बांधलेल्या एका बरणीत सोडलं. बरणी त्याच्या बायकोच्या भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची होती. वाफ बाहेर जायला झाकणाला भोकं पाडली होती.

"नळी खाली रस्त्यावर का नाही सोडत?" वेलिनने विचारलं.

"थंडीत तिच्या तोंडाला बर्फ धरतो. मग दाब कोंडतो आणि इंजिन तेल मोजायची पट्टी बाहेर फेकतं. आत असलेली बरी. इंजिनाला मोकळा श्वास घेता आला पाहिजे, साहेब."

पुढच्या गुरुवारी गाडी चढावर अशी पळाली की वेलिन चक्क शीळ घालत होता. काळा धूर नाही, धक्के नाहीत. नेदाबाईंनी मात्र पहिल्याच वळणावर रुमाल नाकाला लावला.

"काय रे, गाडीत कोणी वडे तळतंय का?"

"ब्रीदर मोकळा केलाय, आई. इंजिनाला श्वास घ्यायला."

"बरं केलंस," म्हातारी खोकत म्हणाली. "कोणीतरी घ्यायला पाहिजे."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वेलिन तपासणीला गेला. शेड चालवायची इंजिनिअर पेन्काबाई. कडक इस्त्रीचा निळा कोट, गळ्यात चष्मा, आणि डोक्यावर भिंतीत सोफियाचा कॅमेरा. तिने नळकांड्यात नळी घातली, गाडी रेस केली, आकडा पाहिला आणि भुवया उंचावल्या.

"धूर उत्तम. नवीन गाडीला लाजवेल असा." मग तिने बॉनेटखाली बॅटरी मारली. "झडप नाही. बिल्ला नाही."

वेलिनने गात्सोकडून झडप परत बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी हजर झाला. पेन्काबाईने बॉनेट उघडलं आणि मान डोलावली.

"झडप आहे." मग तिने गाडी रेस केली आणि शेडमधली कबुतरं उडाली. "धूर नापास. बिल्ला नाही."

"म्हणजे झडप असली की धूर नापास आणि धूर पास असला की झडप नाही?"

"माझं यंत्र काळेपणा मोजतं, कारापेत्रोव. झडप काढली की काळेपणा कमी होतो. न दिसणारा वायू वाढतो, पण तो न दिसणारा आहे, तर मी तो कशाने बघणार? हे नियम कुणी केलेत, त्याला विचारा."

वेलिनने गाडी शेडबाहेर काढली. गुरुवार दोन दिवसांवर आला होता आणि रविवारपासून वर्तुळ लागू होत होतं.

कचेरीत जाऊन त्याने आपली नियमावली पहिल्यांदाच संशयाने वाचली. झडप कॅमेऱ्याला दाखवावी, एवढंच तिथे म्हटलं होतं. ती कुठे असताना दाखवावी, याबद्दल अकरा पानांत एक अक्षर नव्हतं. मग सहायकाने शंका उपस्थित केली, क्षेत्रीय अधिकाऱ्याने तिची प्रत्यक्ष पाहणी केली आणि प्रमुखाने परिपत्रक क्रमांक चार जारी केलं: 'झडपेच्या स्थानाबाबत मूळ नियम मौन बाळगून असल्याने, अर्जदाराने ती कॅमेऱ्यास सुस्पष्ट दिसेल अशा रीतीने दाखविल्यास अट पूर्ण झाली असे समजावे.' खाली तिघांच्या सह्या होत्या आणि तिन्ही एकाच वळणाच्या होत्या.

शनिवारी गात्सोने झडप पुन्हा काढली. वेलिनने ती रुमालात गुंडाळून नेली, शेडमध्ये गाडीशेजारी उभं राहून दोन्ही हातांनी वर धरली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. पेन्काबाईने अर्जावर खूण केली: झडप कॅमेऱ्याला दाखवली, होय. हिरवा बिल्ला काचेवर चिकटला.

परिपत्रक सार्वजनिक असतं, हा त्याचा मोठा दोष. आठवडाभरात गात्सोच्या गॅरेजापुढे रांग लागली. ज्यांच्या गाड्या धडधाकट होत्या त्यांनीही झडपा काढून घेतल्या. शेजाऱ्याची गाडी चढावर आपल्याला मागे टाकते हे सिवोदोलचा माणूस सहन करत नाही. गावातल्या चटणीच्या रिकाम्या बरण्या संपल्या, तेव्हा लोकांनी भरलेल्या बरण्या संपवायला घेतल्या. घराघरांत झडपा आल्या, आणि घरात आलेल्या वस्तूचं जे होतं तेच त्यांचं झालं. कोणाची मुलांनी खेळायला नेली, कोणाची बायकोने भंगारात दिली. तपासणीच्या दिवशी धावाधाव व्हायला लागली तेव्हा पेन्काबाईला दया आली. तिने एक चांगली झडप घासूनपुसून शेडमध्येच खिळ्याला टांगून ठेवली. अर्जदाराने यावं, ती काढावी, कॅमेऱ्याला दाखवावी, परत टांगावी.

डिसेंबरभरात ती एक झडप अकराशे गाड्यांसाठी वर झाली. पेट्रोल गाड्यांना ती झडप मुळातच नव्हती, पण उगाच शंकेला जागा नको म्हणून त्यांच्या मालकांनीही ती दाखवली. शववाहिनीच्या ड्रायव्हरने टोपी काढून दाखवली. मेच्का वस्तीतला एक गृहस्थ घोडागाडी घेऊन आला. पेन्काबाईने त्याला घोड्याला धूर नसतो म्हणून परत पाठवायचं ठरवलं होतं, पण त्याने इतक्या विश्वासाने झडप उचलून धरली की तिला नाही म्हणवेना. घोड्याच्या कपाळावर बिल्ला लागला. सोफियाहून पत्र आलं की सिवोदोलच्या वाहनांतील झडपा देशात सर्वांत स्वच्छ आणि कमालीच्या एकसारख्या आढळून आल्या आहेत, इतरांनी त्यांचा आदर्श घ्यावा.

एवढ्यात चौकातल्या पिवळ्या पेटीने घोटाळा केला. ही पेटी हवा मोजायची, आणि तिला न दिसणारा वायूही दिसायचा. डिसेंबरच्या मध्याला तिचा आकडा मर्यादेच्या दुप्पट झाला, नाताळला तिप्पट. वेलिन हे सगळे आकडे रोज वहीत उतरवत होता आणि रोज त्याची झोप कमी होत होती. शेवटी तो वही घेऊन महापौरांकडे गेला. महापौर गृहस्थ शांत होते. त्यांनी वही मिटून ठेवली.

"पेटी कुठे बसवलीये?"

"चौकात."

"चौकात काय असतं?"

"गाड्या."

"मग ती गाड्यांची हवा मोजतेय, कारापेत्रोव. शहराची कधी मोजणार?"

वेलिनला उत्तर सुचलं होतं, पण ते महापौरांना देण्यासारखं नव्हतं. नगरपालिकेची हद्द डोंगरापर्यंत जाते. हद्दीत कुठेही मोजलेली हवा ही शहराचीच हवा, असं परिपत्रक क्रमांक पाच निघालं. पेटी ट्रकमध्ये घालून वर नेली आणि छातीच्या दवाखान्याच्या बागेत, पाइनच्या दोन झाडांमध्ये बसवली. ट्रकलाही हिरवा बिल्ला होता.

त्या दिवसापासून सिवोदोलची हवा इतकी शुद्ध झाली की वेलिनला आकडे खोटे वाटतील अशी भीती वाटून त्याने दोनदा पेटीची बॅटरी तपासली. जानेवारीत प्रांताकडून काचेचं एक हिरवं पान बक्षीस आलं. नगरपालिकेच्या दारात लोक टाळ्या वाजवत होते आणि मधूनमधून खोकत होते. महापौरांनी भाषणात वेलिनचं नाव घेतलं. वेलिनला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या गुरुवारी तो आईला घेऊन डोंगरावर गेला. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्या नेदाबाईंना वीस वर्षं ओळखत होत्या, आणि त्यांच्या हातात एक कागद होता.

"वेलिन, आईला मास्क लावता येणार नाही. हा उपचार दूषित हवेच्या गावांतल्या लोकांसाठी आहे. तुमचं गाव यादीतून काढलंय."

"पण ती खोकतेय. तुम्हाला ऐकू येतंय."

"मला येतंय. पण तिच्या गावाची हवा प्रांतात सर्वांत चांगली आहे. मग तिने खोकायचं कारण काय, असं वरून विचारतात. मी काय लिहू?" डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "एक पळवाट आहे. राहत्या जागेची हवा वाईट असल्याचा दाखला आणा, सक्षम अधिकाऱ्याचा."

"सक्षम अधिकारी कोण?"

"हवा गुणवत्ता कक्षाचा प्रमुख," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना ओळखत असाल."

खिडकीबाहेर पिवळी पेटी पाइनची हवा खात होती. नेदाबाई बाकावर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून.

खाली येताना वेलिनने दोन्ही बाजूंनी विचार केला. हवा चांगली आहे असं म्हणावं, तर दवाखाना आईला घेत नाही. हवा वाईट आहे असं म्हणावं, तर वर्तुळाची चौकशी लागणार, परिपत्रक चार रद्द होणार आणि सगळ्यात आधी ज्या गाडीचा बिल्ला निघणार ती हीच गाडी. मग दवाखाना आईला घेईल, पण आई दवाखान्यात पोचणार नाही. डोंगर उतरून होईतो त्याला एकच रस्ता दिसायला लागला होता, आणि तो इतका सरळ होता की आधी कसा सुचला नाही याचंच त्याला नवल वाटलं.

कचेरीत त्याने दोन कागद काढले. पहिल्यावर लिहिलं की सिवोदोलची हवा उत्तम आहे. तो नगरपालिकेच्या फाइलीत गेला. दुसऱ्यावर लिहिलं की टपाल कचेरीमागील इमारत, चौथा मजला, येथील हवा श्वसनास अयोग्य आहे. तो त्याने खिशात ठेवला. दोन्हींवर एकच शिक्का मारला, आणि दोन्हींवर एकच तारीख होती. नोकरीत आल्यापासून पहिल्यांदाच आपण एक खरा कागद लिहिला, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी सकाळी कक्षाच्या दारावर टकटक झाली. गात्सो मिस्त्री होता, टोपी हातात.

"साहेब, आईसाहेबांना दाखला दिलात असं ऐकलं. मलाही हवाय. गॅरेजातल्या वाफेने छाती भरलीय."

"गात्सो, तो अपवाद होता."

"असेल ना. मलाही अपवादच द्या. गाडीचा बिल्ला तेवढा राहू द्या."

त्याच्या मागे पेन्काबाई होती. तिच्या मागे शववाहिनीचा ड्रायव्हर. त्यांच्या मागे जिना, जिन्याच्या मागे फाटक आणि फाटकाच्या मागे बाकीचं गाव. दुपारी महापौरांचा निरोप आला की त्यांच्या सासूबाईंसाठी एक आणि त्यांच्यासाठी एक, घरपोच. सोमवारपर्यंत वेलिनने चारशे अकरा दाखले दिले. एकाला दिला की दुसऱ्याला नाही म्हणायला नियम लागतो, आणि नियम करणाऱ्याने आता नवीन नियम करायची हाय खाल्ली होती. काचेवर उत्तम हवेचा बिल्ला आणि खिशात वाईट हवेचा दाखला, असं ते गाव बिनतक्रार चालू राहिलं.

गुरुवारी वेलिन आईला घ्यायला गेला तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावरच्या स्टुलावर बसून होती. वर जाताना बसली होती की खाली येताना, ते तिलाही आता आठवत नव्हतं. वेलिनने दवाखान्यात फोन लावला, मान हलवत ऐकलं आणि खाली ठेवला.

"काय म्हणतात?"

"टपालाने धाडलेला दाखला चालला, आई. पण यादी झालीय. नवी तारीख वर अशी लावली, त्यात तुझा कागद तळाशी गेला. चारशे बारावा नंबर."

"म्हणजे कधी?"

"गुरुवारी चौदा जण घेतात. ऑगस्टमध्ये येईल."

"ऑगस्टमध्ये कशाला?" नेदाबाईंनी श्वास गोळा केला. "ऑगस्टमध्ये मी बरी असते." मग तिने विचारलं, "माझ्या पुढे कोण कोण आहे?"

वेलिनने नावं सांगितली. गात्सो, पेन्का, महापौर, त्यांच्या सासूबाई, घोडागाडीवाला. बरीच सांगितली, ती सगळी त्याच्याच अक्षरात होती, त्यामुळे पाठ होती.

"हे सगळे खोकतात?"

"सगळ्यांकडे दाखले आहेत."

"ते नाही विचारलं मी," म्हातारी म्हणाली, आणि मग तिला जी ढास लागली ती काही केल्या थांबेना. वेलिनने तिला धरून ठेवलं. त्याच्या खिशात शिक्का होता आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण जिन्यात शेजारी उभे होते.

आता तुम्ही म्हणाल, काय हे लोक. जरूर म्हणा. म्हणून झालं की तुमच्या गाडीच्या कप्प्यातला धुराचा दाखला बाहेर काढा आणि त्यावरची तारीख वाचा. त्या दिवशी गाडी तुमच्या घराखालीच उभी होती. तुम्ही फक्त नंबर प्लेटचा फोटो पाठवला होता, आणि फोटोतला धूर मोजून देणाऱ्या त्या भल्या माणसाचे आभार मानून फोन खाली ठेवला होता. तेव्हा आतल्या खोलीत कोणीतरी खोकत होतं. तुम्ही उठून दार लावून घेतलंत.